कोटाच्या खिशातली लस

हैबतरावांचं वय सत्तेचाळीस, गुडघे साठीचे आणि हौस पंचविशीची. अशा माणसानं सायकल घेऊ नये असं महाळुंग्यातल्या चार शहाण्यांचं मत पडलं. पण हौसेला मोल नसतं, आणि शहाण्यांचं ऐकायला हैबतराव काही त्यांच्या घरचं खात नव्हते. सन पंचवीसची दिवाळी झाली आणि पुण्याच्या लष्करातल्या एका गोऱ्या मास्तराची जुनी सायकल त्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. काळी, उंच, हॅन्डलवर पितळी घंटी. लोक तिला पायगाडी म्हणत. त्यांच्या बायकोनं, रत्नाबाईंनी, तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मग हळूच विचारलं, "पर तुमास्नी बसाया येतंय का?"

येत नव्हतं. आठ दिवस ते खळ्यावर शिकले. दोनदा कडब्याच्या गंजीत गेले, एकदा शेणाच्या खड्ड्यात. नवव्या दिवशी मात्र वेशीपासून ओढ्यापर्यंत सरळ गेले आणि सरळ परत आले. त्या दिवशी त्यांनी घंटी इतकी वाजवली की गावातली कुत्री घसा बसेपर्यंत भुंकली.

सायकल नुसत्या मिरवणुकीची नव्हती. हैबतरावांचं काम देवी काढायचं. पोराच्या दंडावर सुईनं बारीक ओरखडे काढायचे, त्यावर काचेच्या नळीतली लस चोपडायची, आणि आठव्या दिवशी पुन्हा जाऊन दंडावर फोड फुललेत का ते बघायचं. फुलले म्हणजे लागू पडलं, पोर देवीच्या रोगातून सुटलं. न फुलले तर पुन्हा पहिल्यापासून. लोक त्यांना डाक्तर म्हणत, तेही नाही म्हणत नसत. लसीला उष्मा सोसत नाही, म्हणून हे सगळं काम हिवाळ्यातलं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत नांदे, माण, महाळुंगे आणि आसपासच्या वाड्यावस्त्या पायी तुडवायच्या. वीस हिवाळे त्यांनी असेच तुडवले होते.

त्या वीसही हिवाळ्यांत त्यांच्या मागून त्यांच्या हाताखालचा गेणबा चालत असे. गेणबाच्या हातात शिंक्यातलं मडकं, मडक्यात ओलं फडकं आणि फडक्यात नळ्यांची पत्र्याची डबी. फडकं सुकायला लागलं की गेणबा दिसेल त्या ओढ्याला थांबायचा आणि ते पुन्हा भिजवायचा. हैबतराव चिडायचे, घाई करायचे. गेणबा कधी घाई करायचा नाही.

सायकल आली आणि गेणबा मागे पडला. पहिल्या दिवशी हैबतरावांनी मडकं हॅन्डलला टांगलं. तेव्हा गेणबा म्हणाला, "डाक्तर, मडकं मान्साच्या चालीवर जातंय. चाकावर न्हाई जायाचं." हैबतरावांनी घंटी वाजवली आणि निघाले. दुसऱ्याच खड्ड्याला मडक्याचे तुकडे झाले. नशिबानं डबी वाचली. त्यांनी ती पुसली आणि अंगातल्या काळ्या लोकरी कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी, जपून ठेवली. थंडी अशी होती की कान बधिर झालेले. एवढ्या गारठ्यात मडकं कशाला आणि ओलं फडकं कशाला, असं त्यांच्या मनात आलं. आणि एकदा मनात आलेली सोयीची गोष्ट माणूस पुन्हा तपासून बघत नाही.

नांद्याला त्या सुमारास येसाजी धनगराचा वाडा उतरला होता. धनगरांचा वाडा भिंतींचा नसतो. पाच चुली, तीन घोडी, दोनशे मेंढरं आणि वर ताणलेली पालं, एवढा त्यांचा वाडा. दिवाळीनंतर तो देशावरून निघतो, मुळशीवरून घाट उतरून कोकणात जातो, आणि वाटेत ज्याच्या रानात मेंढरं बसतात तो लेंडीखतापायी त्यांना धान्य देतो. हैबतराव सायकलवरून त्या रानात शिरले तेव्हा मेंढरं बुजली, घोडी खिंकाळली आणि येसाजीची आई तुकाबाई चुलीवरची भाकरी तशीच टाकून उठली.

"देवी काढाया आलाय व्हय? मग आल्या वाटंनं जावा. आई येती, बसती, जाती. तिला सुई दावून हाकलायचं का?"

हैबतराव तिला समजावायला लागणार, एवढ्यात तिची सून तानूबाई दीड वर्षाच्या सावळाला काखेला मारून पुढे आली. "आत्याबाई, माझी थोरली गेली तवा कुनी सुई बी दावली न्हाई. डाक्तर, माझ्या सावळ्याला पयलं टोचा."

तिनं पोराचा दंड स्वतः धरला. पोर रडलं, तिनं त्याला छातीशी घेतलं, पण हात सोडला नाही. मग बाकीच्या बायका हळूहळू पुढे आल्या आणि आणखी पाच पोरं टोचून झाली. तुकाबाई पाठ फिरवून बसली होती. सगळं आटोपल्यावर तानूबाईनं विचारलं, "आता भ्याव न्हाई नव्हं?"

एवढ्या बायाबापड्यांसमोर, जवळ सायकल उभी असताना, हैबतरावांच्या अंगात जरा आलं. ते म्हणाले, "तानूबाई, आता देवीच्या गावात जाऊन बसलीस तरी भ्यायचं कारण न्हाई. माझा शब्द हाय."

येसाजी म्हणाला, "आठव्या दिशी बघायचं म्हनता, पर आमी तवर लांब गेलेलं असू."

"मग काय झालं? मी येईन की मागनं. पायगाडी हाय."

हे बोलताना आपण जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. जुन्या दिवसांत गेले असते का, कोण जाणे. पण त्या दिवशी घरी येऊन त्यांनी वहीत सहाही पोरांच्या नावापुढे 'फुलल्या' असं लिहून टाकलं. इतकी वर्षं फुलतच होत्या, यंदा न फुलायला काय झालं?

आठव्या दिवशी ते माणला गेले; तिथंही त्यांनी त्याच दिवशी टोचलं होतं. धोंडाबाई म्हणून एक म्हातारी नातवाला घेऊन दारातच बसली होती. तिनं पोराची बाही वर केली आणि म्हणाली, "डाक्तर, सुई मोडली व्हती का काय? हितं तर काईच न्हाई."

काहीच नव्हतं. ओरखड्यांच्या चार वाळक्या खुणा होत्या, बस. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. माणमध्ये अकरा पोरं टोचली होती, अकराच्या अकरा कोरी निघाली. हैबतराव धोंडाबाईच्या ओट्यावर येऊन बसले आणि चष्मा काढायला त्यांनी आतल्या खिशात हात घातला. बोटांना डबी लागली. कोंबडीखालून काढलेल्या अंड्यासारखी ती ऊबदार होती.

तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थंडी बाहेर होती. कोटाच्या आत हैबतराव होते. चढावर पायडल मारून मारून घामानं भिजलेले, छाती भात्यासारखी चाललेले हैबतराव. वीस वर्षं ज्या लसीला गेणबानं ओढ्याओढ्याला गारवा दिला, तिला त्यांनी इतके दिवस छातीशी उबवलं होतं.

"काय झालं?" धोंडाबाईनं विचारलं.

"लसच हलकी निघाली ह्या खेपेला," ते म्हणाले. "वरनंच तशी आली."

खोटं किती सहज निघालं ह्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. घरी जाताना ते सायकलवर बसले नाहीत. हातात धरून चालत गेले, आणि चालता चालता त्यांना तानूबाईचा हात आठवला, पोराचा दंड धरलेला. देवीच्या गावात जाऊन बसलीस तरी. माझा शब्द हाय.

आता कुणी म्हणेल, लगेच सायकल काढायची होती आणि वाड्यामागे जायचं होतं. हैबतरावांनीही तेच म्हटलं, रोज म्हटलं. पण नवी लस मागवली होती ती यायला दहा दिवस लागले. हे कारण खरं होतं. ती आल्यावर त्यांनी आधी माण, मग महाळुंगे, मग नांदे पुन्हा टोचून काढलं, कारण वरचे साहेब तपासायला आले तर ह्याच गावांत येणार होते. हे कारणही खरंच होतं, पण जरा कमी खरं. पिरंगुटचा चढ, गुडघे, लांबचा पल्ला, धनगरांचा काय ठावठिकाणा, देवी काय प्रत्येक गावात थोडीच असते, वाटेत दुसरा कुणी टोचेल, ही बाकीची कारणं त्यांनी रात्री छताकडे बघत स्वतःला सांगितली.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःलाही सांगितली नाही. धरणाच्या कामाला खडी नेणाऱ्या गाड्या रोज पौडावरून मुळशीला जात होत्या. एखाद्या गाडीवानाबरोबर चार शब्दांचा सांगावा धाडला असता तरी पुरलं असतं: पोरांना लागू पडलेलं नाही, देवीच्या गावापासून लांब राहा. पण तो सांगावा वाटेतल्या दहा माणसांनी ऐकला असता. हैबतरावांना चूक सुधारायची होती. ती कुणाला कळू द्यायची नव्हती.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. त्यांना भाकरी गोड लागेना. अंगणात सायकल दिसली की ते दुसऱ्या दारानं जायला लागले. रत्नाबाई म्हणाल्या, "नवी नवरी आनल्यावानी आनली, आन् आता तोंड फिरवताय?"

मग एका संध्याकाळी गेणबा पौडाच्या बाजारातून परत येताना ओट्यापाशी थांबला. तंबाखू मळत सहज म्हणाला, "मुळशीच्या पल्याड, जांभळीच्या वाडीला देवी आल्यात. दोन पोरं गेली म्हनं. तितं जायाला चिटपाखरू तयार न्हाई. पर येसाजीचा वाडा बसलाय की बेधडक. कोंडिबाच्या रानात, पंधरा दीस झालं. कोंडिबानं दुप्पट धान्य कबूल केलंय. लोकं म्हनत्यात, त्यांचं काय, त्यांच्या पोरांला डाक्तरनं टोचलंय."

हैबतराव उठले. त्यांनी गेणबाला हाताला धरून घरात नेलं आणि वीस वर्षांत प्रथमच त्याला म्हणाले, "गेणबा, मला मडकं बांधून दे."

गेणबानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सायकलच्या हॅन्डलपुढे त्यानं टोपली करकचून आवळली, तिच्यात पेंढा भरला, पेंढ्यात मडकं बसवलं आणि फडकं भिजवून आत घातलं. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाला, "उतरनीला खाली उतरा. चालत न्या."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हैबतराव निघाले. रत्नाबाई कोट घेऊन दारापर्यंत धावल्या. "आवं, हिवानं मराल!"

"राहू दे तो. त्यानंच घात केलाय," ते म्हणाले. नुसत्या सदऱ्यावर निघाले.

मार्गशीर्षातला गारठा मुळामुठेच्या खोऱ्यात कसा असतो हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. नदीकडून येणारं धुकं अंगाला लागत होतं, हॅन्डल धरलेली बोटं लाकडाची झाली होती. चढावर त्यांना घाम यायचा आणि उतारावर तोच घाम पाठीवर गोठायचा. पिरंगुटच्या चढाला उजव्या गुडघ्यानं उघड बंड पुकारलं. ते उतरले, सायकल ढकलत वर गेले. खाली उताराला, जिथं सायकल आपोआप पळाली असती, तिथंही गेणबाचं ऐकून चालतच गेले. म्हणजे चढाला चालायचं ते गुडघ्यासाठी आणि उताराला चालायचं ते मडक्यासाठी. मग सायकल घेतली कशाला, असं पौडाच्या वेशीवर एकानं विचारलंही. दर ओढ्याला ते थांबले, फडकं भिजवलं, मडक्याला हात लावून बघितला. गार. पुढच्या ओढ्याला पुन्हा. गार.

वाटभर ते शब्द जुळवत होते. येसाजी, माझं चुकलं. तानूबाई, ऐकून घे. पण मुळशी मागे पडली, ऊन कलायला लागलं, आणि जुळवलेल्या शब्दांत हळूच दुसरे शब्द शिरले. एवढं सगळं सांगायलाच हवं का? पुन्हा टोचलं की काम झालं. कारण काही का असेना.

जांभळीच्या वाडीच्या वेशीला कडुलिंबाचे डहाळे बांधलेले होते. रानाचा मालक कोंडिबा बांधावर उभा होता. त्यानं लांबूनच हात केला आणि ओरडून सांगितलं, "लई येळंवर आलासा! धनगरांच्या एका पोराला आल्यात. चार दीस झालं."

"कुणाच्या?"

"येसाजीच्या."

हैबतराव सायकलवरून उतरले. गुडघा दुखत होता की नाही हेही त्यांना कळलं नाही.

पालं पलीकडच्या बांधाला होती. त्यांच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर एकच पाल वेगळं टाकलेलं, त्याच्या तोंडाशी लिंबाचा डहाळा. आत तानूबाई बसली होती. मांडीवर सावळा. त्याच्या तोंडावर, हातांवर फोड दाटले होते, डोळे चिकटलेले होते, आणि ती लिंबाच्या पाल्यानं हळूहळू त्याच्यावरच्या माशा वारत होती. तिनं मान वर करून बघितलं. ओळखलं. पुन्हा माशा वारायला लागली.

येसाजी आणि तुकाबाई इकडच्या पालापाशी होती. बाकीची पाच पोरं मेंढरांत खेळत होती. हैबतरावांनी ती मोजली, एकेकाच्या तोंडाकडे निरखून बघितलं. अजून अंगावर काही उठलं नव्हतं. आत्ता टोचलं तर अजून वेळ होता, निदान काहींना.

"सरकारचा हुकूम आलाय," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "ह्या साली दोनदा टोचायचं. पोरांना आना इकडं."

तुकाबाई ताडकन् उठली. "हात लावायचा न्हाई! एकदा टोचलं त्याचं फळ तितं बसलंय बघा. आई रुसलीया. मी सांगत हुते, तिला हाकलू नगा. हिनं पोराला पयलं म्होरं केलं, म्हनून आईनं पयलं तेच धरलं. आन् वर हिनंच ह्याला सांगितलं, ह्या वाडीला बसा, डाक्तरनं शब्द दिलाय म्हनून! ह्यो नगं म्हनत व्हता. हिनं बसावलं."

येसाजी जमिनीकडे बघत म्हणाला, "हिच्या भावाला सांगावा धाडलाय. पोराचं काय व्हायचं ते होऊंदे, मग ती म्हायेरी जाईल. वाड्यात आता हिला कुनी ठेवून घेत न्हाई."

तिकडून तानूबाईचा आवाज आला. चार दिवस फारसं कुणाशी न बोललेल्या माणसाचा आवाज होता तो. "डाक्तर, खरं सांगा. म्या टोचून घ्याला नगं व्हतं का? माझ्यामुळं झालं का ह्ये?"

हैबतरावांनी आयुष्यात पुष्कळ पोरांना रडताना बघितलं होतं. त्यांच्या आया चिडायच्या, भांडायच्या, शिव्याही द्यायच्या. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. पण ह्या बाईनं त्यांच्यावर विश्वास टाकला होता, आणि त्याच विश्वासाचा आळ आता ती स्वतःवर घेत होती. चार दिवस, दिवसरात्र, ती त्या पालात बसून आपल्याच हातांकडे बघत असणार. त्यांना लाज वाटली. आता गप्प राहिलो तर पाच पोरंही गेली आणि ही बाईही गेली, हे त्यांना स्वच्छ दिसलं. सरकारच्या हुकमानं म्हातारी बधणार नव्हती. तिला बधवायला एकच गोष्ट पुरी पडली असती, आणि ती त्यांच्या पोटात दोन आठवडे कुजत होती.

"तुझ्यामुळं न्हाई," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "देवी रुसलेली न्हाई. ह्या पोरांना देवी काढल्याच न्हाईत म्या. लस मेलेली व्हती. तिला गार ठेवाया लागतं. मडकं फुटलं, आन् म्या डबी कोटाच्या खिशात घातली, छातीशी. सायकल मारून मारून अंगाची भट्टी झाली, त्यात ती शिजून गेली. म्या तुमच्या पोरांना टोचलं ते नुसतं पानी व्हतं. तानूबाईचं काय चुकलं न्हाई. माझं चुकलं."

रानात मेंढरं खोकत होती.

मग तुकाबाईनं विचारलं, "कवा कळलं तुमास्नी?"

हा प्रश्न वाटभर त्यांनी जुळवलेल्या शब्दांत कुठेच नव्हता. "आठव्या दिवशी," ते म्हणाले.

"आन् आज?"

"आज बाविसावा."

येसाजीनं काठी उचलली. हैबतराव जागचे हलले नाहीत. काठी पडली असती तर त्यांना बरंच वाटलं असतं. निदान काहीतरी फिटलं असतं. पण येसाजीनं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली, धरून ठेवली, आणि मग मेंढरांकडे तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"आत्याबाई," तानूबाई तिकडूनच म्हणाली, "पोरांला टोचून घ्या. सावळ्या ह्यांच्यासंगच खेळत हुता."

तुकाबाई सायकलपाशी आली. टोपलीतल्या पेंढ्याकडे, मडक्याकडे तिनं बघितलं आणि एकदम हात घालून फडक्याखालची डबी मुठीत धरली. तिनं डबी धरून ठेवली, पोर तापलंय का बघताना कपाळावर हात ठेवतात तशी.

"गार हाय," ती म्हणाली. मग वळून पोरांना हाका मारल्या.

हैबतरावांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, सुई पुसली, दिव्यावर धरली. पहिलं पोर तुकाबाईनं स्वतः धरलं. तिच्या धाकट्या पोराची पोरगी होती ती. ती किंचाळली, म्हातारीनं तिला घट्ट धरलं आणि हैबतरावांच्या हाताकडे अशा नजरेनं बघत राहिली की त्यांना घाम फुटला. चार ओरखडे, नळी मोडायची, लस चोपडायची. वीस वर्षांचं काम, पण हात नवशिक्यासारखा जपून चालत होता. एक झालं, दुसरं झालं. येसाजी मध्येच आला, तिसऱ्या पोराला त्यानं धरलं, हैबतरावांच्या तोंडाकडे मात्र बघितलं नाही. जाताना त्यानं आईला एवढंच सांगितलं, "सांगावा माघारी बोलावतो. ती कुटं जायाची न्हाई." पाचवं पोर झालं तेव्हा ऊन टेकडीआड चाललं होतं.

हैबतरावांनी सुई पुसली. डबीत एक नळी शिल्लक होती. त्यांनी आठव्या दिवशी मी येणार, येणारच, असं सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. शब्द द्यायची त्यांना भीती वाटली.

"समद्यांचं झालं का?" तानूबाईनं विचारलं.

"झालं."

ती उठून पालाच्या तोंडाशी, डहाळ्याच्या खाली, आली होती. सावळाचं डोकं तिच्या खांद्यावर पडलेलं. त्याची बाही तिनं वर केली आणि फोडांनी भरलेला दंड, त्या दिवशी नांद्याला धरला होता तसाच, नीट धरला.

"मग आता ह्याला."

हैबतराव जागेवरच उभे राहिले. एक नळी होतीच. चार ओरखडे काढले असते तर पोराचं काही आणखी बिघडलं नसतं, आणि ह्या बाईला आजची रात्र बरी गेली असती. हात सुईकडे गेलाही. मग त्यांनी तो मागे घेतला.

"तानूबाई, ह्याला आता उपेग न्हाई."

"का? ह्ये गार हाय नव्हं? खरं हाय नव्हं आता?"

"खरं हाय."

"मग?"

हैबतरावांनी सांगायचा प्रयत्न केला. एकदा अंगावर उठल्यावर लस काही करत नाही, ती आधी लागते, वेळेवर लागते, असं ते म्हणाले. वेळेवर हा शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी डबीचं झाकण लावलं. तानूबाईनं सगळं ऐकून घेतलं, पण ती आत गेली नाही. पोराचा हात तिनं तसाच पुढे धरून ठेवला.